हाका मारू नयेत

१

अकरा वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती. वेळ पक्की आहे, कारण गुंडीच्या आईनं त्याच क्षणी मोबाइलमध्ये बघितलं होतं. पावणेबाराला गुंडीला भरवायचं असतं. पाच मिनिटं उशीर झाला तर पोरगी चिडते आणि पाच मिनिटं आधी दिलं तर दातच उघडत नाही. अजून तीन मिनिटं आहेत असं मनाशी म्हणत तिनं मोबाइल पिशवीत टाकला, मान वर केली, तर गुंडी समोर नव्हती.

पण त्याच्या आधीचं थोडं सांगायला हवं, नाहीतर नीट कळायचं नाही.

गुंडी तिची तीन वर्षांची मुलगी. खरं नाव शाळेसाठी राखून ठेवलेलं. आई घरी बसून शिंप्याच्या दुकानाची काजं-बटणं करायची. शर्टांचा ढीग एका बाजूला, बटणांचा डबा दुसऱ्या बाजूला, आणि मधे हे पोर. डब्यात हात घालून घालूनच मोठी झाली, म्हणून तिला सगळे गुंडी म्हणायला लागले. बाप म्हणायचा, "गुंडी कसली, नुसती गुंड आहे."

मागच्या वर्षी या गुंडीनं एक बटण नाकात घातलं होतं. डॉक्टरांनी दोन मिनिटांत चिमट्यानं काढलं, वर हसून म्हणाले, "शर्टाला परत लावा, वाया घालवू नका." सगळे हसले. पण आईची धास्ती तेव्हापासून काही पुरती गेली नाही. शेजारी कोणाचं पातेलं पडलं तरी ती आधी गुंडीकडे बघायची. पोरगी गप्प खेळत असली तर ही गप्प का आहे म्हणून उठायची, आणि ओरडत असली तर का ओरडते म्हणून.

"तुला काळजी करायला काही सापडलं नाही की त्याचीच काळजी लागते," नवरा म्हणायचा. माणूस वाईट नव्हता. टेम्पो चालवायचा, आठवड्यातून एक दिवस सुट्टी, आणि त्या दिवशी त्याला फक्त आडवं व्हायचं असायचं.

त्या सुट्टीला मात्र त्याच्या मोठ्या बहिणीनं बोलावलं होतं. गुंडीची आत्या शहराबाहेरच्या एका बागेत तीन महिन्यांपासून तिकिटं फाडत होती. "या की सगळे. तुम्हाला काय तिकीट लागणार आहे? पोरीला जरा हवा लागेल, आणि हिलाही."

हिला म्हणजे गुंडीच्या आईला. तिला ते कळलं. डब्यात उकडलेला बटाटा कुस्करून घेतला, दोन केळी घेतली, जादा कपडे घेतले, आणि निघाले.

२

बाग म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे कारंजं होतं, कापलेली हिरवळ होती, झोपाळे होते. तिथे तसलं काहीच नव्हतं.

ते एक खूप जुनं शेत होतं. दगडी गोठा, दगडी कोठार, दोघांच्या मधे फरशी घातलेलं मोठं खळं, आणि चारी बाजूंना बांधांनी आखलेली शेतं, जशी पूर्वी असतील तशीच. फक्त शेतांत पीक नव्हतं, गवत होतं. तांबूस, रुपेरी, केसाळ तुऱ्यांचं, कुठे छातीपर्यंत तर कुठे डोक्याच्या वर. त्यातून मधेच निळी-जांभळी फुलं डोकं काढत होती आणि मधेच काळी वाळकी बोंडं उभी होती, ती कोणी खुडली नव्हती. गवतातून एक माणूस जाईल एवढ्या वाटा कापलेल्या.

"गवत बघायला तिकीट?" गुंडीचा बाप म्हणाला. "आमच्या घरामागं नाल्याकाठी फुकट आहे. वर डास मोफत."

"हळू बोल रे," आत्या म्हणाली. "लोक लांबून येतात. हे असं आपोआप उगवल्यासारखं दिसायला सहा माणसं दिवसभर राबतात."

"मग नाही राबली तर काय दिसेल?"

"तुझं डोकं दिसेल. चल आत."

गुंडीची आई तोवर पाटी वाचत होती. सातवीत शाळा सुटली तरी तिची दिसेल ते वाचायची सवय काही सुटली नव्हती. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा ती सोडत नसे. पाटीवर तीनच ओळी होत्या. फुलं तोडू नयेत. वाट सोडू नये. कोणालाही हाका मारू नयेत.

"हाका का मारू नयेत हो, ताई?"

"शांतता लागते लोकांना. चित्रं काढायला येतात फार." आत्यानं गवताकडे बोट केलं. "इथले माळी तर एकमेकांनाही हाक मारत नाहीत. ते बघ."

गवताच्या शेंड्यांवरून एक पांढरं फडकं सावकाश सरकत होतं. खाली माणूस दिसत नव्हता. आत्यानं सांगितलं, की गवतात शिरताना माळी पाठीला उंच काठी बांधतात आणि काठीला फडकं. कोण कुठे आहे ते फडक्यावरून कळतं. कोणाला बोलवायचं असलं तर खळ्यावर टांगलेला नांगराचा लोखंडी फाळ वाजवतात. तोंडानं कोणी बोलवत नाही.

"पहिल्या दिवशी मला हसूच आवरेना. आता मीसुद्धा टाळी वाजवते."

गुंडीनं लगेच दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. सगळे हसले. आईही हसली.

३

एका जुन्या पेरूच्या झाडाखाली बाक होता. बापानं बूट काढले आणि पाय पसरले. आत्या फाटकावर परत गेली होती. थोड्या अंतरावर एक म्हातारी बाई घडीच्या खुर्चीवर बसून रंगानं चित्र काढत होती. बाकी माणूस नाही.

तिथे आवाज मात्र फार होता. सळसळ, कुजबुज, कोरड्या पातीवर कोरडी पात. वारा पडला तरी तो आवाज थांबायला जरा वेळ लावत होता. गुंडीच्या आईला वाटलं, आपलंच काहीतरी. तिला नेहमी आपलंच काहीतरी वाटायचं. तिनं मोबाइल काढला, वेळ बघितली, मान वर केली.

गुंडी नव्हती.

वाटेवर दोन्ही बाजूंना बघितलं. रिकामी वाट. बाकी चहूकडे गवतच गवत, आणि गुंडीची उंची ती केवढी. मग तिला पाटी आठवली नाही, काही आठवलं नाही.

"गुंडेऽऽ!"

पहिली हाक लांब गेली. दुसऱ्या हाकेला दम मधेच तुटला. "गुंडे, अगं गुं...डे!" आणि तिसऱ्याला घसा फाटून आवाज पार चिरकला, इतका की नवरा दचकून बाकावरून उभा राहिला.

गुंडी बाकाच्या मागेच होती. उकिडवी बसून एका किड्याला काडीनं ढोसत होती. चार हातांवर.

आईनं आधी धपाटा घातला आणि मग छातीशी धरलं. बाप म्हणाला, "घ्या. सगळ्या गावाला कळलं गुंडी आली म्हणून."

ती ओशाळून म्हातारीकडे माफी मागायला वळली. म्हातारी उभी राहिली होती. रागावलेली दिसत नव्हती. भराभर रंगाच्या वड्या डब्यात कोंबत होती. चित्र ओलंच होतं, तसंच काखेत मारून, ब्रशचं पाणी न ओतता तिथेच ठेवून ती निघून गेली. जाताना तिनं गुंडीकडे एकदा बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

४

भरवून झालं. बटाटा खाल्ला, अर्धं केळं खाल्लं, अर्धं फ्रॉकला पुसलं. बारा वाजून गेले होते.

"गुंडेऽऽ!"

हाक डावीकडून, लांबून आली, बांधापलीकडून. आवाज तिचा होता.

आपला आवाज दुसऱ्याच्या मोबाइलमधून ऐकला की ओळखू येत नाही, परका वाटतो. तसं झालं नाही. तिनं तो आतून ओळखला, जणू घसा तिचाच हलला होता. तिनं नकळत हात गळ्याला लावला.

"प्रतिध्वनी आहे," नवरा म्हणाला.

"इतक्या वेळानं?"

"जागा मोठी आहे ना."

तिला ते पटावं असं फार वाटत होतं. लहानपणी ती विहिरीत ओरडून बघायची. 'ओ' म्हटलं की विहीर लगेच 'ओ' म्हणायची. वीस मिनिटं विचार करत बसायची नाही. पण आपल्याला काय कळतं, ती मनाशी म्हणाली, सातवी शिकलेल्या बाईला. दगडी भिंती आहेत, बांध आहेत, आवाज फिरून फिरून येत असेल.

"गुंडे, अगं गुं...डे!"

दम तिथेच तुटला जिथे तिचा तुटला होता. आणि आता हाक बांधाच्या अलीकडून आली.

ती तिसरीची वाट बघत बसली. गुंडीच्या फ्रॉकचं टोक मुठीत घट्ट धरून. तिसरी आली तेव्हा चिरकली, हुबेहूब तशीच. पण चिरकून झाल्यावर तो आवाज थांबला नाही. घसा खाकरला. एकदा, दोनदा. बिघडलेला टाका उसवून परत घालावा तसं तिसरी हाक पुन्हा मारली, यावेळी न चिरकता, गोड.

"दुसरी कोणी बाई असेल," नवरा म्हणाला. पण आता त्यानं बूट घातले. "जगात गुंडी काय एकच आहे?"

५

गवत दुभंगलं आणि माळी वाटेवर आला. साठीचा, उन्हानं रापलेला माणूस. पाठीला काठी, काठीला फडकं, हातात विळा. त्यानं आधी विळा खाली ठेवला.

"हाक कोणी मारली?" अगदी दबक्या आवाजात त्यानं विचारलं.

"मी मारली, काका. चुकून. पोरगी दिसेना म्हणून..."

"किती वेळा?"

"तीनदा."

"नावानं?"

तिनं मान हलवली. माळ्यानं गुंडीकडे बघितलं, मग बांधाकडे.

"हिनं ओ दिली?"

"नाही. ही मागेच बसली होती, किड्याशी खेळत."

"बरं झालं." त्यानं कपाळ पुसलं. "आता परत नका मारू. काही झालं तरी. हात धरून ठेवा तिचा."

"काका, तिथे काय आहे?"

"गवत आहे."

"असं काय सांगता? माझा आवाज..."

"बाई, मी तीस वर्षं हे गवत कापतोय. वाटेवरचं कापलं की वाटेवर येत नाही, एवढं मला ठाऊक आहे. बाकीचं मी विचारलं नाही कोणाला." त्यानं विळा उचलला. "पुढची बस दीडला आहे. तोवर कोठारात बसा. त्याला भिंती आहेत."

तो गेल्यावर नवरा हसला, पण ते हसू काही जमलं नाही. "नाटकं सगळी. उद्या याचंही वेगळं तिकीट काढतील."

तरी तो पिशवी उचलून पुढे चालायला लागला, आणि नेहमीपेक्षा भरभर.

६

कोठार आत गार होतं. लोकांना बघायला म्हणून भिंतीवर जुनी अवजारं मांडलेली होती, प्रत्येकाखाली चिठ्ठी. चाळण्या, लाकडी मापं, बैलांचं जू. मधे एक लांब टेबल आणि दोन बाक. पुढचं दार खळ्याकडे, मागचं दार शेताकडे, आणि त्या दाराशेजारी गज लावलेली खिडकी. खिडकीबाहेर गवत अगदी भिंतीला टेकलेलं होतं. काही तुरे गजांतून आत आले होते.

गुंडीची आई टेबलाच्या पलीकडे, खिडकीपासून लांबात लांब बसली. मागच्या दाराची कडी लावलेली आहे का ते जाऊन बघितलं. लावलेली होती, पण खालीच होती, पोराच्या हाताला येईल अशी. नवरा पाच मिनिटं टेबलावर बोटं वाजवत बसला आणि मग नेहमीप्रमाणे बाकावर आडवा झाला. त्या माणसाला सुळावर चढवलं तरी आधी डुलकी काढील.

"गुंडे, ये बाळा. नाक पुसू दे."

खिडकीच्या अगदी खाली.

ती हलली नाही. डोक्यात मात्र भराभर हिशोब चालू झाला. हे आपण इथे बोललो का? बसमध्ये बोललो असू. नाही, बसमध्ये गुंडी खिडकीत होती, गप्प. बाकावर? बाकावर केळं पुसलं, नाक नाही. घरी बोलते मी हे. घरी, दिवसातून दहा वेळा. प्रतिध्वनी काय, ऐकेल तेवढंच बोलेल. न ऐकलेलं कसं बोलेल?

"थांब हं," बाहेरचा आवाज म्हणाला, लाडात, थोडा दमलेला. "दोरा तोडते आणि आलेच."

काम करताना गुंडी पदर ओढायला लागली की ती हेच म्हणायची, दोरा दातात धरून. त्यामुळे शब्द जरा बोबडे यायचे. बाहेरही ते तसेच बोबडे आले.

गुंडीनं हातातलं लाकडी माप खाली ठेवलं. "आई बोलावते."

"मी इथे आहे ना, राणी. बघ माझ्याकडे."

गुंडीनं तिच्याकडे बघितलं. मग खिडकीकडे बघितलं. कोणतं बिस्कीट घ्यावं असा विचार करताना जसा चेहरा करायची तसा केला.

"ही आई," ती म्हणाली. "ती पण आई."

७

तिनं नवऱ्याला हलवून उठवलं.

"अहो, ऐका. हिचा हात धरा. सोडू नका. मी ताईंना सांगून येते. आत्ता निघायचं, चालत गेलो तरी चालेल."

"अगं पण..."

"धरा आधी."

त्यानं गुंडीला मांडीवर घेतलं, दोन्ही हातांनी धरलं. मगच ती पुढच्या दारानं बाहेर पडली. खळं ओलांडलं, फाटकावर पोचली. आत्याला काय सांगितलं ते तिला नीट आठवत नाही. आत्यानं तिचा चेहरा बघितला आणि तिकिटांची पेटी तशीच उघडी टाकून तिच्याबरोबर निघाली. जाऊन यायला दोन मिनिटं, फार तर तीन.

कोठारात नवरा एकटाच होता. पिशवी भरत होता. मागचं दार उघडं होतं.

"गुंडी कुठाय?"

"कुठाय म्हणजे?" तो वळला. "तू तर मागून आलीस. 'सोडा तिला, येऊ द्या माझ्याकडे' म्हणालीस. कडीसुद्धा पोरीनंच काढली, म्हणून हसलीस."

"मी फाटकावर होते."

त्यानं बहिणीकडे बघितलं. आत्यानं मान हलवली, हो. मग त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि मागच्या दाराकडे तोंड केलं.

तिनं त्याच्या तोंडावर हात दाबला. जिवाच्या आकांतानं दाबला. त्याचे दात तिच्या तळव्यात रुतले.

"हाक नाही," ती म्हणाली. "हाक नाही मारायची."

आत्या धावत खळ्यावर गेली आणि फाळ बडवायला लागली. ठाण, ठाण, ठाण. कुठून कुठून पांढरी फडकी या बाजूला वळली.

मागच्या दाराबाहेर वाट नव्हती. नुसतं गवत, आणि त्यात लहान पावलांनी मोडलेली एक बारीक रेघ, जी पुढे पुढे आपोआप मिटत चालली होती. ती शिरली. गवत डोक्याच्या वर गेलं. दहा पावलांवर रेघ संपली. तिला ओरडावंसं वाटलं. मूल हरवलं की आईनं हाक मारायची, दुसरं काय असतं आईजवळ? तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

मागे वळून बघितलं तेव्हा माळी खळ्याच्या भिंतीवर चढलेला दिसला. वरून त्याला शेंडे हलताना दिसत असणार. त्यानं पाठीची काठी सोडून हातात घेतली आणि फडकं एका दिशेला झुकवलं. ती तिकडे धावली. फडकं उजवीकडे झुकलं, ती उजवीकडे.

आणि तिकडूनच तिचा आवाज येत होता.

"ये. हळू. पडशील हं. ये, ये."

आपण आपल्याच आवाजाकडे धावतोय हे तिला कळत होतं. जवळ जाईल तसा तो खालून यायला लागला. कमरेच्या उंचीवरून, मग गुडघ्याच्या. ती धापा टाकत होती, तर तोही बोलता बोलता धापा टाकायला लागला.

गवत एकदम विरळ झालं. जनावर बसून उठावं तसा एक गोल चोपलेला होता. गुंडी त्याच्या कडेला पाठमोरी उभी होती. दोन्ही हात वर केलेले, उचलून घे म्हणताना करते तसे.

समोर गवत होतं, दाट. त्यातून दोन हात पुढे आले होते.

त्यापेक्षा जास्त तिनं बघितलं नाही. हात बाईचे होते. उजवा तळवा जरा वाकडा धरलेला, सुई धरून धरून तिचा वाकतो तसा. फक्त बोटं सगळी एकाच लांबीची होती. अंगठासुद्धा.

तिनं गुंडीला मागून उचललं आणि वळली. पोरीनं किंकाळी फोडली. तिच्या खांद्यावरून मागे झेपावत, हात ताणून, गवताकडे बघत ती जीव खाऊन ओरडली, "आईऽऽ!"

आणि मागून, अगदी शांतपणे, त्या आवाजानं ओ दिली.

८

ते सगळे सुखरूप घरी आले, हे आधी सांगितलं पाहिजे. गुंडीला ताप नाही, खरचटणं नाही. खाते, खेळते, बटणांचा डबा उपडा करते. बापाच्या हाताला धरून दुकानात जाते. बाप आता सुट्टीच्या दिवशी झोपत नाही. मोरीत पाणी सांडलं तरी उठून बघतो. बायको काळजी करते म्हणून तो आता काही बोलत नाही.

एवढंच, की गुंडीला हाक मारली तर ती लगेच येत नाही. आधी आईच्या तोंडाकडे बघते. ओठ हललेले दिसले तर येते. आई पाठमोरी असली, किंवा दुसऱ्या खोलीत असली, तर ती जागेवरच उभी राहते आणि डोळे बारीक करून वाट बघते. आईनं आता हाक मारणं सोडलंय. उठते, जाते, आणि हात धरून आणते.

आत्यानं नोकरी सोडली. लगेच नाही सोडली, दोन आठवडे काढले, कारण दुसरी मिळत नव्हती. सोडली त्या दिवशी तिनं भावजयीला फोन केला.

"ताई, बोला ना."

"तुझा आवाज गेला गं तिथून. आता येत नाही."

"मग बरंच झालं की."

"आता पोरीचा येतो."

गुंडीची आई खाली बसली.

"रडते," आत्या म्हणाली. "गवतात. आई, आई म्हणून रडते. आम्हाला ठाऊक होतं, आम्ही कान बंद करून बसायचो. पण लोकांना काय ठाऊक? काल एक बाई आली होती, चांगल्या घरातली, बरोबर पाच-सहा वर्षांचा मुलगा. रडणं ऐकलं आणि गेली की आत धावत. कोणाचं तरी लेकरू हरवलंय म्हणाली. मी नको नको म्हणेपर्यंत गेलीसुद्धा. मुलाला वाटेवर उभं केलं होतं. आणि मग आतून त्याला हाक मारली, तिथेच थांब म्हणून. नाव घेऊन मारली गं."

"आणि मुलानं?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"ताई, मुलानं ओ दिली?"

"शहाणा मुलगा होता," आत्या म्हणाली. "आईनं हाक मारली की ओ द्यायला शिकवलेला."

यापुढचं आत्यानं सांगितलं नाही आणि गुंडीच्या आईनं विचारलं नाही. तिनं फोन ठेवला, उठली, गुंडी झोपली होती तिथे गेली आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत उभी राहिली. बराच वेळ. मग तिनं दुकानाच्या कापडाचं माप लिहायची वही घेतली, एक पान फाडलं आणि मोठ्या अक्षरात लिहायला बसली. ते पान तिनं शिंप्याला दिलं, शिंप्यानं गिऱ्हाइकांना वाचून दाखवलं, आणि असं करत करत ते इथवर आलं. त्यात होतं ते एवढंच:

शहराबाहेर जुन्या शेतावर गवताची बाग आहे. तिथे एक लहान मुलगी आई, आई म्हणून रडताना ऐकू येईल. ऐकवणार नाही असं रडते. तरी आत जाऊ नका. तिला हाक मारू नका, ओ देऊ नका, आणि बरोबर मूल असेल तर त्याचं नाव तोंडातून काढू नका. ती मुलगी हरवलेली नाही. ती घरी आहे, माझ्याजवळ आहे, मी रोज बघते. ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांना हे सांगा. त्यांना पुढे सांगायला सांगा.